जुनी गाडी पुन्हा उभी करताना: क्लच आणि गिअरबॉक्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे विलिज आणि महिंद्राच्या जुन्या जीप, ॲम्बेसेडर, फियाट ११०० आणि तिच्यापासून पुढे आलेली पद्मिनी अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कोकणात या गाड्या बहुधा मांगरात (शेतावरच्या खोपट्यात) किंवा पडवीच्या कडेला अनेक पावसाळे काढून मगच दुरुस्तीला येतात. त्यामुळे त्यांच्या क्लचच्या तक्रारींचे मूळ झिजेपेक्षा ओलाव्यात आणि दीर्घकाळ एका जागी उभे राहण्यात अधिक वेळा सापडते. गिअरबॉक्स उतरवण्याची घाई करू नये, आधी बाहेरून तपासता येईल ते सर्व तपासावे, असा या सर्व उत्तरांमागचा आग्रह आहे.

गाडी काही वर्षे उभी होती. इंजिन सुरू होते, पण क्लच दाबूनही गिअर पडत नाही. गिअरबॉक्स बिघडला असे समजावे का?

नाही. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील आणि सुरू केल्यावरच करकरत असतील, तर दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्समध्ये नसून क्लचप्लेट (घर्षणाचे अस्तर लावलेली चकती) फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटलेली असते. जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीच्या हवेत इतका दमटपणा असतो की बंद हौसिंगच्या (क्लचवरील आवरणाच्या) आतही ओतीव लोखंडावर पाणी सुटते. प्लेटचे अस्तर हा ओलावा धरून ठेवते आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा ते अस्तर फ्लायव्हीलवर दाबून धरतात, त्यामुळे दोहोंच्या मध्ये गंज धरतो. अशी प्लेट उतरवल्यावर फ्लायव्हीलवर तिचा पूर्ण ठसा उमटलेला दिसतो. अस्तरातील खाचा जेथे होत्या तेथे त्या रेषांसह तपकिरी कडे दिसते आणि हौसिंगच्या तळाशी लाल भुकटी साचलेली असते.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी इग्निशन बंद ठेवून टॉप गिअर टाकावा, एकाने क्लच पूर्ण दाबून धरावा आणि दुसऱ्याने गाडी ढकलावी. गाडीबरोबर इंजिनही फिरू लागले, म्हणजे फॅनची पाती हलली, तर क्लच सुटत नाही हे निश्चित झाले. मात्र न सुटण्याचे कारण चिकटणेच आहे असे म्हणण्यापूर्वी पॅडलची हालचाल क्लच फोर्कपर्यंत (क्लच सोडवणाऱ्या लिव्हरपर्यंत) पूर्ण पोहोचते की नाही, हे गाडीखाली जाऊन पाहणे आवश्यक आहे.

चिकटलेली प्लेट गिअरबॉक्स न उतरवता सोडवता येते का?

पुष्कळदा येते, परंतु घाईने आणि बळजबरीने नाही. प्रथम गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चांगले तापू द्यावे, कारण फ्लायव्हील आणि प्लेट कमी-अधिक प्रसरण पावल्याने गंजाची पकड सैल होते. त्यानंतर इंजिन बंद करावे, टॉप गिअर टाकावा, हँडब्रेक घट्ट ओढावा, पायब्रेक व क्लच दोन्ही दाबून धरावेत आणि स्टार्टरला क्षणभर चालवावे. एवढ्या झटक्याने अनेक प्लेटा सुटतात. स्टार्टर अडखळत राहिला तर लगेच थांबावे, नाहीतर त्याची मोटर जळते.

दुसरा मार्ग मोकळ्या मैदानावरचा आहे. भातकापणी झालेला कोरडा मळा त्यासाठी चांगला, कारण पुढे अडथळा आणि माणसे नसणे ही पहिली अट आहे. दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सुरू करून, क्लच दाबलेलाच ठेवून, ॲक्सिलरेटर थोडा देत आणि सोडत गाडी हळू चालवावी. ब्रेक पूर्ण विश्वासार्ह नसतील तर हा प्रयोग करू नये. मागील चाके जॅकवर उचलून इंजिन जोरात फिरवण्याचा सल्लाही दिला जातो. तो मला धोकादायक वाटतो, कारण प्लेट सुटताना बसणाऱ्या झटक्याने गाडी जॅकवरून उतरू शकते.

हौसिंगच्या झरोक्यातून डिझेल किंवा गंज सोडवणारे तेल आत सोडू नये. गंज सुटेल, पण अस्तर तेल पिऊन बसेल आणि तीच प्लेट पुढे घसरू लागेल. वरील उपायांनी ती सुटली नाही, तर गिअरबॉक्स उतरवणे योग्य.

पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर प्लेट पुन्हा चिकटू नये म्हणून काय करावे?

ज्या गाडीचा क्लच सळई आणि लिव्हरने चालतो, तिचे पॅडल लाकडी दांडा अडकवून दाबलेल्या स्थितीत ठेवता येते. ट्रॅक्टर उभे ठेवणारे शेतकरीही हेच करतात. मास्टर सिलिंडर असलेल्या, म्हणजे ऑईलच्या दाबाने क्लच चालणाऱ्या गाडीत मात्र चार महिने दाब धरून ठेवणे रबरी वॉशरांना मानवत नाही. तेथे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी क्लच दाबून, गिअरमध्ये, इंजिन बंद ठेवून गाडी चार-पाच हात पुढे-मागे ढकलावी. फ्लायव्हील स्थिर राहते, प्लेट त्यावर घासली जाते आणि कोवळा गंज तेथल्या तेथे निघून जातो.

इंजिन पाच मिनिटे सुरू करून बंद करण्याने मात्र लाभापेक्षा तोटाच अधिक होतो. पुरते न तापलेले इंजिन स्वतःतच पाणी साठवते. गाडी पावळीच्या रेषेपासून आत, शक्यतो कोब्यावर असावी. मातीच्या जमिनीतून वर येणारी ओल ताडपत्रीखाली कोंडली जाते, म्हणून ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नये.

घाट चढताना इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. प्लेट बदलावीच लागेल का?

आंबा, कुंभार्ली किंवा आंबोली घाटात हा दोष उघड होतो, सपाटीवर तो लपून राहतो. हँडब्रेक ओढून, टॉप गिअरमध्ये, इंजिनचा वेग थोडा वाढवून क्लच सोडावा. चांगला क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन फिरतच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच आणि थोडक्यात करावी, कारण घसरणारी प्लेट काही सेकंदांत जळू लागते.

त्यानंतर सर्वप्रथम पॅडलचा मोकळा खेळ पाहावा. जुन्या जीपमध्ये पॅडल सुमारे २५ मिलिमीटर मोकळे गेल्यावर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवण्यासाठी प्रेशर प्लेट दाबणारे बेअरिंग) टेकले पाहिजे. अस्तर झिजत जाते तसा हा खेळ कमी होत जातो आणि शेवटी बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांवर कायम दाबून बसते, म्हणजे चालकाचा पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला असतो. सळईवरील नट फिरवून खेळ पुन्हा मिळाला आणि घसरणे थांबले, तर त्या दिवसापुरते काम झाले. मात्र अस्तर संपत आले आहे, याची नोंद ठेवावी.

खेळ योग्य असूनही क्लच घसरत असेल तर अस्तर संपले आहे, त्यावर तेल आले आहे किंवा प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा बसल्या आहेत. तेल आले असेल तर प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणे व्यर्थ आहे, कारण अस्तरात मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. तेल इंजिनच्या मागील सीलमधून आले की गिअरबॉक्समधून, हे ठरवल्याशिवाय नवी प्लेट बसवू नये. इंजिनचे ऑईल पातळ व काळे असते. गिअर ऑईल दाट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो.

प्लेट नवी आहे, चिकटलेली नाही, तरीही रिव्हर्स टाकताना करकर होते. असे का?

क्लच पूर्ण सुटत नाही, इतकाच याचा अर्थ आहे. पॅडल दाबून दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. थांबल्यावर गिअर शांतपणे पडला तर सवय बदलणे पुरेसे आहे. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्यापूर्वी भागांचे वेग सारखे करणारी रचना) नसल्याने आतील शाफ्ट थांबण्यास वेळ द्यावाच लागतो. थांबूनही करकर राहिली तर पुढील तपास करावा.

सर्वांत जास्त गफलत पॅडल आणि फोर्क यांच्यामधील जोडांत असते, आणि गिअरबॉक्स उतरवण्याच्या घाईत तेच पाहिले जात नाहीत. जीपमध्ये चेसिस आणि इंजिन यांच्या मध्ये एक आडवी नळी असते व तिची दोन्ही टोके गोळ्यांवर फिरतात. हे गोळे आणि त्यांच्या वाट्या झिजल्या, पॅडलच्या पिनेचे भोक लांबट झाले, फोर्कचा टेकू चेपला, की प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी हालचाल वाया जाते. एकेकट्याने कोणताच दोष मोठा दिसत नाही, पण बेरीज झाल्यावर प्लेट सुटण्यापुरतीही हालचाल उरत नाही. नट आवळत जाऊन हे भरून काढण्याचा प्रयत्न केला तर मोकळा खेळ संपतो, आणि तीच गाडी एकाच वेळी न सुटणारी आणि घसरणारी होते. पिना आणि बुश नवे करणे हाच उपाय आहे, आणि कोणताही साधा लेथवाला ते काम करू शकतो.

यानंतरही दोष राहिला तर प्लेटचे स्प्लाइन (शाफ्टवर सरकणाऱ्या मधल्या खाचा) गंजून शाफ्टवर अडकणे, प्लेट वाकणे आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकातील, शाफ्टला आधार देणारे पायलट बुश शाफ्टला धरून बसणे ही तीन कारणे उरतात. ती पाहण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

हायड्रॉलिक क्लचचे पॅडल सकाळी खाली जाते आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येते. काय तपासावे?

आत हवा शिरली आहे किंवा मास्टर (पॅडलकडील) अथवा स्लेव्ह (क्लचकडील) सिलिंडरचे वॉशर गळत आहेत. स्लेव्ह सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल असेल तर तो संपला. नेहमीचे डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑईल हवेतील पाणी शोषून घेते, आणि किनाऱ्यावरच्या हवेत ते लवकर शोषते. मग ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला आतून खड्डे पडतात. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवे वॉशर टाकले तर ते थोड्याच दिवसांत कापले जातात. मूळ सिलिंडर मिळत नसेल तर त्यात स्टेनलेस स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह बसवून घेणे चांगले.

ऑईल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे. उघडून ठेवलेल्या डब्यातले ऑईल मागच्या पावसाळ्यापासून असेल तर ते वापरू नये. वॉशर रॉकेलने, पेट्रोलने किंवा इंजिन ऑईलने कधीही धुऊ नयेत, कारण ते फुगतात. स्वच्छ ब्रेक ऑईलनेच ते धुवावेत. सिलिकॉनचे डॉट ५ हे नेहमीच्या ऑईलमध्ये मिसळू नये.

गाडी सुटताना थरथरते.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग आधी पाहावेत. जुने रबर तेलाने मऊ आणि उन्हाने भेगाळलेले असते. ते ठीक असतील तर अस्तरावर तेल, फ्लायव्हीलवर जळल्याचे निळसर डाग किंवा प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची असमान असणे, या क्रमाने तपासावे. चिकटलेली प्लेट नुकतीच सोडवली असेल तर थोडी थरथर काही काळ राहते आणि गंज घासला गेल्यावर बहुधा थांबते.

आवाज नेमका कुठून येतो हे कसे ओळखावे?

गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, इंजिन मंद चालवून, शांत जागी ऐकावे. क्लच न दाबता घरघर येत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर गिअरबॉक्सचे पुढील बेअरिंग किंवा खालचा काउंटर शाफ्ट (मुख्य शाफ्टला समांतर असलेला दांडा) झिजला आहे, कारण क्लच दाबल्यावर हे भाग फिरायचे थांबतात. पॅडलला पाय नुसता टेकवताच आवाज सुरू होत असेल तर दोष रिलीज बेअरिंगचा आहे. पॅडल पूर्ण दाबून, गिअर टाकून ठेवल्यावरच किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर तो पायलट बुशचा असतो. त्या वेळी क्रँक फिरतो आणि शाफ्ट थांबलेला असतो.

चालत्या गाडीत सर्व गिअरांमध्ये आवाज असून टॉपमध्ये तो नाहीसा होत असेल, तर काउंटर शाफ्टकडे संशय घ्यावा. टॉप गिअरमध्ये शक्ती सरळ मागे जाते आणि काउंटर शाफ्टवर भार राहत नाही. टॉपमध्येही तोच आवाज राहिला तर गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी प्रोपेलर शाफ्टचे (मागे शक्ती नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना शक्ती वाटणारा भाग) तपासावा. ॲक्सिलरेटर सोडताना येणारा ठक्क असा आवाज पुष्कळदा क्रॉसचाच असतो.

उतारावर गिअर आपोआप निसटतो. गिअरच बदलावे लागतील का?

सर्वांत सोप्या भागापासून सुरुवात करावी. गिअरबॉक्सचे झाकण उघडल्यावर शिफ्टर शाफ्टच्या खाचांत बसणारे गोळे आणि त्यांच्या स्प्रिंगा दिसतात. तुटलेली वा गंजून बारीक झालेली स्प्रिंग हे स्वस्तातले कारण आहे. मग सिलेक्टर फोर्कची टोके पाहावीत. ती झिजली असतील तर गिअर पूर्ण आत जातच नाही. जीपच्या तीन गिअरच्या टी-९० बॉक्समध्ये दुसरा गिअर निसटणे ही जुनी तक्रार आहे. तेथे शाफ्टचा मागे-पुढे होणारा खेळ आणि सिंक्रोच्या दातांची झीज पाहावी लागते. दातांची टोके निमुळती झाली असतील तर स्प्रिंग बदलून उपयोग होत नाही.

ॲम्बेसेडर आणि पद्मिनीसारख्या, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा असलेल्या गाड्यांत दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या सळयांचे बुश झिजल्यानेही गिअर अर्धवट पडतो. बॉक्स आणि इंजिनचे बोल्ट सैल असणे हेही कारण असू शकते, आणि ते पाहायला पाना पुरतो.

पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही. हा दोष आहे का?

नाही. टी-९० बॉक्स, जुनी ॲम्बेसेडर आणि फियाट ११०० या सर्वांत पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. गाडी थांबवून पहिला टाकावा, किंवा दोनदा क्लच दाबण्याची पद्धत शिकावी. तीत क्लच दाबून न्यूट्रल करावा, क्लच सोडून इंजिनला थोडा वेग द्यावा, पुन्हा क्लच दाबून पहिला टाकावा. घाटात जुनी गाडी नेणाऱ्याला हे यायलाच हवे.

गिअरबॉक्समध्ये कोणते ऑईल घालावे?

उत्पादकाच्या नियमावलीत लिहिलेलेच. काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या बॉक्सना गिअर ऑईल नव्हे, तर इंजिन ऑईल लागते. जेथे ९० ग्रेड सांगितले आहे तेथे जीएल-४ दर्जाचे घ्यावे. जीएल-५ वरच्या क्रमांकाचे म्हणून अधिक चांगले, असे दुकानदार सांगतात. प्रत्यक्षात त्यात दातांच्या अतिदाबासाठी गंधक-फॉस्फरसाची रसायने अधिक असतात, आणि ती पितळी सिंक्रो रिंग व बुश यांना अपायकारक ठरू शकतात. शिवाय त्या ऑईलच्या निसरडेपणामुळे सिंक्रो नीट पकडत नाही. जीएल-५ डिफरन्शियलसाठी राखून ठेवावे.

जीपच्या बाबतीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांकडे शक्ती वाटणारा बॉक्स) यांचे ऑईल आतील वाटांतून एकमेकांत जाते. म्हणून दोन्हींत एकच ऑईल असावे, दोन्ही रिकामे करावेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे भरून पातळी पाहावी.

नवे सील घालूनही बॉक्समधून ऑईल क्लचकडे येते. आता काय राहिले?

ब्रीदर. बॉक्सच्या वरच्या बाजूस हवा सुटण्यासाठी बारीक भोक किंवा टोपी असते. ते बंद झाले तर तापलेली हवा आत दाब निर्माण करते आणि ऑईल मिळेल त्या वाटेने बाहेर ढकलते. आपल्याकडे मांगरात उभ्या असलेल्या गाडीच्या अशा प्रत्येक भोकात कुंभारमाशी मातीचे घर बांधते. ते वाळलेल्या लाल मातीने इतके सफाईने बंद केलेले असते की ते भोक होते हेही लक्षात येत नाही. बारीक तारेने ते साफ करावे, मात्र माती आत पडू देऊ नये. हौसिंगच्या तळाच्या निचऱ्याच्या भोकाचीही तीच गत असते. ते बंद असेल तर पाणी व तेल आत साचून प्लेट भिजते.

काही जुन्या बॉक्समध्ये पुढच्या बाजूस सील नसतेच. शाफ्टभोवती कोरलेले आटे ऑईल मागे खेचतात. अशा बॉक्समध्ये पातळीपेक्षा जास्त ऑईल भरले की ते गळणारच.

गाडी पुराच्या पाण्यात होती. गिअरबॉक्स वाचेल का?

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगानंतर हा प्रश्न नव्या आणि जुन्या दोन्ही गाड्यांना लागू होतो. बॉक्स वाचतो, पण गाडी सुरू करण्याचा मोह टाळला तर. प्रथम खालचा बोल्ट काढून तळाचे पाणी व ऑईल काढावे. पाणी आधी येते, मग दुधासारखे पांढरट ऑईल येते. स्वस्त ऑईल भरून चाके हाताने फिरवावीत, ते काढावे आणि स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा करावे. पुराचे पाणी बारीक गाळ घेऊन येते, म्हणून झाकण उघडून तळ पुसून घेणे अधिक चांगले. डिफरन्शियल, ट्रान्सफर केस आणि चाकांची बेअरिंगही विसरू नयेत. क्लचप्लेट मात्र पाणी ओसरताच काही दिवसांत चिकटते, म्हणून पॅडल त्याच दिवशी दाबून अडकवून ठेवावे.

गिअरबॉक्स घरच्या अंगणात उतरवायचा असेल तर कोणती काळजी घ्यावी?

गाडीला आधार म्हणून चिरे कधीही लावू नयेत. जांभा भिंतीत भार पेलतो, पण चेसिसच्या अरुंद पट्टीखाली आला की पूर्वसूचना न देता फुटतो. लोखंडी स्टँडच वापरावेत आणि भिजलेल्या मातीत ते रुतू नयेत म्हणून खाली जाड फळी द्यावी. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढावे. पावसाळी हवेत उघडी राहिलेली बेअरिंग हाताच्या घामानेही डागाळतात.

जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असते. हौसिंगमधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

बॉक्स काढताना आणि चढवताना त्याचे वजन क्षणभरही शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, कारण त्याने प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नव्या प्लेटवरही क्लच सुटत नाही. प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुना शाफ्ट किंवा लाकडाचा कातलेला दांडा पुरतो. प्लेटची लांब बाजू कोणत्या दिशेला होती हे काढतानाच खडूने लिहून ठेवावे.

मूळ प्लेट मिळत नाही. जुन्या प्लेटवर अस्तर चढवून घ्यावे का?

प्लेटचा पत्रा सपाट असेल, मधल्या स्प्रिंगा सैल नसतील आणि स्प्लाइन खाल्लेले नसतील तर अवश्य घ्यावे. रिबेटांची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाखाली पुरेशी खोल असावीत. त्याच वेळी प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांची उंची एकमेकींशी ताडून पाहावी आणि फ्लायव्हील लेथवर हलके साफ करून घ्यावे. प्लेटची बैठक आणि प्रेशर प्लेटची बैठक वेगवेगळ्या पातळीवर असेल, तर दोन्ही पृष्ठांवरून सारखेच कापावे, नाहीतर क्लचचा दाब बदलतो.

त्यापेक्षा नव्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवणे सोपे नाही का?

रोज घाट ओलांडणाऱ्या कामाच्या गाडीला ते सोयीचे असेल, पण जपायच्या गाडीला मी तो सल्ला देणार नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी होते. मोठे फेरबदल त्या नोंदणीच्या आड येतात. १९५३ साली विलिजने आणलेला सीजे-३बी हा नमुना महिंद्राने आपल्याकडे दीर्घकाळ बनवला आणि ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. त्यामुळे या बॉक्सचे भाग आणि ते जाणणारे जुने मिस्त्री अजून मिळतात. ते आहेत तोवर मूळ बॉक्स दुरुस्त करून घ्यावा.

सर्व बसवून झाले. गाडी घाटात कधी न्यावी?

पहिले काही शे किलोमीटर सपाटीवर, वारंवार थांबत-सुटत चालवावी, म्हणजे अस्तर फ्लायव्हीलवर सारखे बसते. या काळात अर्ध्या क्लचवर गाडी चढावर धरून ठेवू नये. त्यानंतर पॅडलचा मोकळा खेळ पुन्हा मोजावा, कारण नवे अस्तर सुरुवातीला लवकर बसते. गिअरबॉक्सचे ऑईल एकदा काढून स्वच्छ ताटलीत पाहावे. त्यात पितळेची बारीक चमक असेल तर ती सिंक्रो रिंग बसत असल्याची खूण आहे. चुंबकाला लागणारे लोखंडाचे कपचे निघाले तर मात्र झाकण पुन्हा उघडावे आणि दात तपासूनच घाटाचा विचार करावा.